चौदाव्या मजल्यावरून गंगा दिसेल म्हणतात

पत्र

ताई, मी जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागच्या एका गल्लीत, सासरच्या वाड्यात तीस वर्षं राहते. वाडा दोन चौकांचा. मिस्टर सात वर्षांपूर्वी गेले. आता मी, माझी मुलगी आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. मागच्या चौकात तीन भाडेकरू आहेत. त्यांतले तांबटकाका तीन पिढ्यांपासूनचे, भाडं महिना साठ रुपये. दर मे महिन्यात महापालिकेची ‘धोकादायक’ म्हणून नोटीस दारावर लागते. गेल्या पावसाळ्यात मागच्या माडीच्या छतातून मूठमूठ माती पडली. सासूबाई तिथेच झोपतात.

एक बिल्डर आमचा आणि शेजारचे चार वाडे एकत्र घेऊन बावीस मजली लक्झरी टॉवर बांधतो म्हणतोय, खाली दोन मजले तळघरात पार्किंग, शिवाय पोहण्याचा तलाव. आम्हाला तीन फ्लॅट, ‘चौदाव्या मजल्यावरून गंगा दिसेल’ (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो). एक दीर पुण्याला, एक अमेरिकेत. दोघंही सहीला तयार. नणंद धुळ्याला आहे, तिला कोणी विचारलेलं नाही. धाकटे दीर फोनवर म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या हट्टापायी कोणी दगावलं तर जबाबदार कोण?’ तेव्हापासून झोप नाही. वाडा जावा असं वाटत नाही, पण तो आमच्या अंगावर पडावा असंही नाही. मी आडकाठी करतेय का?

– एक वहिनी, जुनं नाशिक

उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, तुम्ही आडकाठी करत नाही. तीस वर्षं त्या वाड्याची झाडलोट केली, कौलं शाकारून घेतली, भाडेकरूंची भांडणं मिटवली, सासूबाईंचं सगळं केलं, त्या बाईला सही करण्याआधी चार प्रश्न विचारायचा हक्क असतोच.

पण धाकट्या दिरांचा प्रश्न खोटा नाही. बोलण्याची तऱ्हा चुकली असेल, तरी प्रश्न खरा आहे. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडे कोसळतात, माणसं दगावलेली आहेत. म्हणून वाडा ठेवायचा की द्यायचा ही चर्चा पुढच्या वर्षभर चालली तरी चालेल, पण सासूबाईंची खाट या आठवड्यात हलायला हवी. मागच्या माडीवरून पुढच्या चौकाच्या ओसरीला लागून जी खोली असेल तिथे, तळमजल्यावर. मागच्या माडीवर कोणी राहत असेल तर त्यांनाही खाली आणा. माडीवरची जुनी ट्रंकं, पितळी हंडे, लाकूडफाटा, जे काही वजन साठलं असेल ते उतरवा. एखादा जाणता सुतार बोलावून ज्या तुळया वाकल्या आहेत त्यांना खालून टेकू द्या. याला कोणाच्या सहीची गरज नाही.

आता ती माती का पडते, ते सांगते. हे समजलं की निम्मी भीती कमी होते आणि उरलेली योग्य जागी बसते. आपल्या वाड्यांची छतं कडीपाटाची. खाली तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. वरून पाणी शिरलं की फळी कुजते आणि माती खाली यायला लागते. शिवाय भिजलेली माती जड होते. वाडे भर पावसात किंवा झड उघडल्यावर पडतात ते याच ओझ्यानं. म्हणजे तुमच्या वाड्याचा पहिला शत्रू पाणी आहे. फुटलेली कौलं, तुंबलेली पन्हळ, नंतर कोणीतरी माडीवर काढलेली मोरी किंवा संडास, भिंतीला चिकटवलेला गळका नळ. या सगळ्याचा हिशेब करा.

दुसरी गोष्ट सागाची. सागाची तुळई मध्यावर क्वचित कुजते. कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण तिथे ओल राहते आणि हवा लागत नाही. ते टोक बाहेरून दिसत नाही, म्हणून वाडा ‘काल तर ठणठणीत होता’ आणि आज पडतो. लोखंडी सळई टोचून पाहिली की कळतं. टोक भुसभुशीत असेल तर तेवढा भाग कापून नवं लाकूड जोडता येतं किंवा लोखंडी चॅनेलचा आधार देता येतो. संपूर्ण वाडा पाडावा लागत नाही. आणि तुमच्या भिंतींवर कधी सिमेंटचा गिलावा केला असेल (सत्तर-ऐंशीच्या दशकात जवळजवळ प्रत्येकानं केला), तर तो आधी खरवडायला हवा. विटा, माती, चुना यांची भिंत श्वास घेते. तिच्यावर सिमेंट थापलं की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोटातून फुगते. दुरुस्ती चुन्याचीच हवी. चुना भिजवून मुरवायचा, त्यात वाळू, गूळ, हिरड्याचं पाणी घालायचं. हे करणारे गवंडी कमी उरलेत, पण आहेत.

नोटिशीबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस येते. तिचा अर्थ ‘बिल्डरला द्या’ असा नाही. इमारत किती धोकादायक, त्याप्रमाणे तिचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्या नोटिशीवर कोणता वर्ग लिहिलाय, की काहीच नाही? तपासणी न करता दरवर्षी तोच कागद चिकटवला जात असेल तर तसं लेखी विचारा. आणि स्ट्रक्चरल ऑडिट स्वतः करून घ्या, बिल्डरनं सुचवलेल्या माणसाकडून नाही. येणारा इंजिनिअर काँक्रीट तपासायचा हातोडा घेऊन मातीच्या भिंतीवर ठोकायला लागला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. लाकूड आणि चुन्याची बांधकामं ज्यांनी हाताळली आहेत असे वारसा-संवर्धन करणारे वास्तुविशारद असतात. इंटॅक ही संस्था १९८४ पासून याच कामात आहे. तिच्याकडे विचारणा केली तरी माणूस सापडेल. पुढचा चौक आणि मागचा चौक यांचा अहवाल वेगवेगळा मागा. मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे, पण त्याकडे नंतर येते.

आता टॉवर.

चौदाव्या मजल्यावरून गंगा दिसेल हे खरंच आहे. पण तुम्ही आज गंगा पाहायला कुठे जाता? पायी चार मिनिटं, वाटेत भांडी बाजार, ओळखीचे दोन-तीन नमस्कार. उंचावरून नदी दिसते आणि घाट सुटतो. ही माझी भावना झाली, ती बाजूला ठेवली तरी बाकीच्या गोष्टी हिशेबाच्या आहेत.

बिल्डरला पाच वाडे एकत्र का हवेत? गावठाणातल्या अरुंद गल्लीत एकट्या वाड्याच्या जागेवर उंच इमारत बसतच नाही. डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्यात किती एफएसआय (म्हणजे जागेच्या मानानं किती बांधकाम) आणि किती उंची मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. उंच इमारतीला अग्निशमन दलाची गाडी फिरेल एवढी जागा लागते. त्यामुळे बावीस मजल्यांचं चित्र रंगीत कागदावर काढणं सोपं आहे, मंजुरी ही वेगळी गोष्ट. त्यांना विचारा, नगररचना विभागाकडे काय दाखल केलंय? रस्ता किती रुंद धरलाय, आणि तो रुंद करायला कोणाच्या ओसऱ्या कापल्या जाणार आहेत? ‘होऊन जाईल’ हे उत्तर आलं तर तुम्ही अजून न मिळालेल्या परवानगीवर घर सोडताय असं समजा. सध्या २०२७च्या सिंहस्थाच्या नावानं जागांचे भाव आणि घाई दोन्ही वाढली आहे. बिल्डरच्या घाईत तुम्ही ओढल्या जाऊ नका.

मग पूर. सराफ बाजारात २००८ ला पाणी आलं, २०१६ ला आलं, २०१९ ला आलं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी पोचलं की तुमच्या गल्लीतले लोक दुकानातला माल वर चढवायला लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमची जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे, लाल आणि निळ्याच्या मध्ये आहे की बाहेर (निळी रेषा मोठ्या पुराची, लाल त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची), हे झोन दाखला आणि भाग नकाशा काढून पाहा. त्यावर बांधकामाची बंधनं ठरतात. आणि असल्या जागी दोन मजले खोल तळघर खणून पार्किंग करणार म्हणे! जुने वाडे दगडी जोत्यावर उंच बसवलेले असतात, पाणी अंगणात येऊन परत जातं. तळघरात आलेलं पाणी तसं परत जात नाही.

त्या खोदकामाचं मला आणखी एक भय वाटतं. तुमच्या गल्लीत वाडे एकमेकांना खेटून आहेत, भिंती सामाईक आहेत, पाया म्हणजे काळ्या दगडाची रास आणि चुना. शेजारी वीस फूट खड्डा पडला तर ज्यानं सही केली नाही त्याचीही भिंत सरकणार. आपल्या गावाच्या पोटात काय काय आहे! तिवंध्याला, दिल्ली दरवाजाला, शनि चौकात त्या पेशवेकालीन रहाडी आहेत, वर्षभर रस्त्याखाली झाकलेल्या. रंगपंचमीला उघडतात आणि अख्खा मोहल्ला त्यात उड्या मारतो. बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर विश्वास बसत नाही की आपण ज्या रस्त्यावरून रोज स्कूटर नेतो त्याखाली रंगाचा हौद आहे. हे टिकलं ते गल्ल्या गल्ल्याच राहिल्या म्हणून. टॉवरला ड्राइव्ह-वे लागतो.

तांबटकाकांचं बघा. भांडी घडवणारा त्यांचा हातोडा सकाळी नऊला सुरू होतो. लाखांचं नव्हे, कोटीचं घर घेणारा माणूस तो आवाज किती दिवस सहन करेल? तक्रार होईल, काका जातील, आणि मग गल्लीतला फुलवाला, गुरुजी, चहावाला एकेक करून. तुम्हाला फ्लॅट मिळेल, पण त्याचा महिन्याचा मेंटेनन्स, लिफ्ट, जनरेटर, तो पोहण्याचा तलाव, हे तुमच्या घरखर्चातून भरायचं आहे. तीन फ्लॅट मिळतात हे सगळे सांगतात, दरमहा किती भरावे लागतील हे कोणी सांगत नाही. तो आकडा लेखी मागा.

काही लोक म्हणतील, हे सगळं भावनिक आहे, शहरं बदलतातच. बदलतात. माझंही म्हणणं असं नाही की नाशकातली प्रत्येक जुनी भिंत जपावी. पेशवेकालीन सरकारवाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, त्याला सरकारी संरक्षण आहे. तुमच्या-माझ्या वाड्यांना ते नाही आणि ते जपायचा सगळा भार एका विधवा बाईवर टाकणं अन्याय आहे. अहमदाबादचं जुनं शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा झालं. तिथे वारसा घराच्या मालकाला न वापरलेला बांधकाम-हक्क टीडीआर म्हणून विकून त्या पैशात घर दुरुस्त करता येतं. अशी वाट आपल्याकडे सोपी असती तर तुमच्या दिरांनाही वाडा विकावासा वाटला नसता. हे मागणं आपल्या नगरसेवकांकडे, महापालिकेकडे सगळ्या वाडेवाल्यांनी मिळून मागायला हवं. पण तोवर तुमचं काय, हा प्रश्न उरतोच.

म्हणून कागद. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा आणि त्यावर आज कोणाची नावं आहेत ते पाहा. माझा अंदाज, सासऱ्यांच्या वडिलांचं नाव अजून असेल. सासूबाईंना सासऱ्यांच्या पश्चात हिस्सा आहेच, शिवाय तुमच्या मिस्टरांच्या हिश्शातही त्या वारस आहेत, कारण मृत मुलाची आई पहिल्या वर्गाची वारस असते. तुम्ही आणि तुमची मुलगीही त्याच वर्गात. आणि नणंदबाई! ‘मुलीचं लग्न झालं, तिचा काय संबंध’ हा काळ गेला. २००५ च्या दुरुस्तीनं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानं मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिला फोन करा, पण सहीसाठी नको. आधी तिला सगळं सांगा. माहेरचा वाडा जातोय हे तिला तिसऱ्याकडून कळलं तर ती जखम भरत नाही.

दिरांनी परस्पर आपापला हिस्सा बिल्डरला विकला तर? ही भीती तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण ओळींमध्ये दिसली. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्यानं घेतला, तरी त्याला तेवढ्यानं आत येऊन तुमच्यासोबत ताबा सांगता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ तेच सांगतं. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि तो लावलाच तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे तो हिस्सा योग्य किमतीला विकत घेण्याची मुभा तुम्हा घरच्यांना आहे. हे वकिलाकडून नीट समजून घ्या, पण रात्रीची झोप या भीतीनं घालवू नका.

भाडेकरूंविषयी बिल्डर ‘ते मी बघतो’ म्हणाला असेल. तुम्ही ऐकू नका. सांगलीकडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलंय की इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. त्यामुळे कराराच्या कागदावर तांबटकाकांचं आणि बाकी दोघांचं नाव, त्यांना मिळणारी जागा, सगळं लिहिलेलं हवं. नाहीतर उद्या ते कोर्टात तुमच्यासमोर उभे राहतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

मी एवढ्या तळमळीनं का लिहिते, ते सांगायला हवं. आमचाही वाडा होता, रविवार पेठेत. मी कॉलेजात होते तेव्हा वडील आणि काकांनी विकसनाला दिला. चोवीस महिन्यांत ताबा, तोवर भाडं बिल्डर देणार, असं ठरलं होतं. भाडं दुसऱ्या वर्षी थांबलं. ताबा नवव्या वर्षी मिळाला. आजी सिडकोतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेली, शेवटपर्यंत ‘चौकात ऊन आलं का गं?’ विचारायची. त्या नवव्या वर्षी आम्हाला कळलं की दिंडी दरवाजा आणि दिवाणखान्याचे कोरीव खांब पहिल्याच महिन्यात ट्रकनं गेले होते. करारात त्यांचा उल्लेखच नव्हता, ‘राडारोडा विकासकाचा’ एवढंच लिहिलं होतं. पुढे खूप वर्षांनी गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टमध्ये जेवायला गेले, तिथे मला एक खांब दिसला. आमचाच असेल असं म्हणत नाही. पण मी त्याच्या तळखड्याला हात लावून बराच वेळ उभी राहिले आणि मुलं विचारत राहिली, आई काय झालं.

तर माझा सल्ला असा की समोर आलेल्या या करारावर सही करू नका. पण ‘वाडा जसाच्या तसा’ हा हट्टही धरू नका. ऑडिटमध्ये मागचा चौक खरोखर गेलेला निघाला, आणि पत्रावरून मला तसं वाटतं, तर तो नीट उतरवा. त्या जागी नियमात बसेल तेवढी तीन-चार मजली साधी इमारत करता येते का, हे नगररचनेच्या जाणकाराकडून तपासा. तळमजल्यावर तांबटकाकांची दुकानजागा, वर भाडेकरू आणि दिरांच्या वाट्याच्या खोल्या किंवा फ्लॅट. पुढचा चौक, दिंडी दरवाजा, दिवाणखाना दुरुस्त करून ठेवा. मागच्या चौकाचं साग फेकू नका, पुढच्या दुरुस्तीला तेच लाकूड लागणार आहे. पैसा टॉवरइतका मिळणार नाही, हे दिरांना स्पष्ट सांगा. पण तुम्ही डोक्यावर छप्पर ठेवून बांधकाम कराल, नऊ वर्षं भाड्यानं भटकणार नाही.

दिरांशी फोनवर बोलू नका. फोनवर माणसं भूमिका घेतात. पुण्याच्या दिरांना एकदा घरी बोलवा, अमेरिकेतल्यांना व्हिडिओवर घ्या, नणंद हवीच. त्यांना सांगा, ऑडिटचा खर्च चौघांनी वाटून घेऊ आणि अहवाल काय येईल ते सगळ्यांनी मानायचं. दिरांना खरोखर आईची काळजी असेल तर ते यातून मागे सरणार नाहीत. आणि सासूबाईंना विचारा. तुमच्या पत्रात त्यांच्या खाटेविषयी आहे, वयाविषयी आहे, पण त्यांना काय हवंय हे कुठेच नाही. मालकीण त्याही आहेत.

चर्चेअंती सगळ्यांनी टॉवरच ठरवला, तर तुम्ही हरलात असं मी म्हणणार नाही. फक्त करार नोंदणीकृत हवा, भाडं वर्षाचं आगाऊ, उशिराचा दंड आणि बँक गॅरंटी, आणि सरसकट कुलमुखत्यारपत्र कोणालाही नाही. त्याच बिल्डरचे जुने प्रकल्प महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा, पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते तिथे दिसतं. तुम्ही जमिनीच्या बदल्यात हिस्सा घेणार, म्हणजे महारेराच्या नजरेत तुम्ही साध्या ग्राहक नसता, सहप्रवर्तक, म्हणजे प्रकल्पाच्या जबाबदारीत बिल्डरच्या भागीदार, धरल्या जाऊ शकता. हे वकिलाला मुद्दाम विचारा. कराचं सीएला. आणि पाडण्याआधी वाड्याचं मोजमाप करून नकाशे काढून घ्या, प्रत्येक खणाचे, कोनाड्यांचे, देवघराचे फोटो. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना विचारलंत तर मुलं आनंदानं करतील. दिंडी दरवाजा आणि खांब कोणाचे, ते करारात एकेक मोजून लिहा.

सासूबाईंची खाट खाली आली की मला दोन ओळी टाका. आणि नोटिशीवर कोणता वर्ग लिहिलाय तेही कळवा, पुढचं त्यावरून बोलू.